सनाचे आकडे एकदाचे मराठीत आले

जमलं! काल रात्री साडेअकराला, पॅनडॉकनं (साध्या मजकुरातून हव्या त्या प्रकारची फाइल बनवणारा प्रोग्राम) तयार केलेल्या संदर्भसूचीत 'कोलते, वि. भि. (१९७८)' असं सगळं देवनागरीत उमटलं. कुलर बंद करून पाच मिनिटं नुसता त्या ओळीकडे बघत बसलो.

'एट अल'चं 'व इतर' आणि 'पीपी'चं 'पृ.' कसं केलं ते मागच्या नोंदीत आहेच. सीएसएल फायलीत (संदर्भ कसे दिसावेत ते ठरवणारी फाइल) मराठी लोकेल, म्हणजे अशा शब्दांचे मराठी पर्याय, घातला की ते होतं. सन मात्र इंग्रजी आकड्यांतच येत होतं. काकांच्या महानुभाव साहित्यावरच्या लेखांची प्रिंट बर्डीवरून काढून आणली, तर त्यांनी पहिल्याच पानावर लाल पेनानं सात गोल केले. "मजकुरात मराठी आकडे अन् कंसात हे काय रे?"

सीएसएलमध्ये आकड्यांची लिपी बदलायची सोय नाही, म्हणून लुआ फिल्टर, म्हणजे पॅनडॉक चालताना मधेच मजकूर बदलणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. दहा आकड्यांचं टेबल, एक जीसब (शोधून बदलायची आज्ञा), संपलं. चालवला तर ढिम्म काही बदलेना. तीन संध्याकाळी यातच गेल्या. फिल्टरमध्ये चूक नव्हतीच; कमांडमध्ये तो साइटप्रॉकच्या (पॅनडॉकचा संदर्भ आणि सूची तयार करणारा भाग) आधी लिहिला होता. पॅनडॉक दोन्ही ज्या क्रमानं लिहिले त्याच क्रमानं चालवतो. माझा फिल्टर धावायचा तेव्हा सूची तयारच झालेली नसायची. क्रम उलटा केला आणि सन बदललं.

पण डीओआयचे (लेखाचा कायमचा वेब-पत्ता) आकडेही मराठी झाले! दुवा उघडत होता, छापलेला पत्ता मात्र कुणाला टाइप करता येणार नाही असा. म्हणून फिल्टर टॉपडाउन (बाहेरून आत जाणारा) केला आणि लिंक दिसली की आत न जाता परत फिरायला सांगितलं. त्यावर मजकुरातलं सन पुन्हा इंग्रजीत! माझं लिंक-साइटेशन्स (मजकुरातल्या संदर्भावरून सूचीतल्या नोंदीवर नेणारी सोय) चालू आहे, त्यामुळे कंसातला प्रत्येक संदर्भही लिंकच असतो. आता '#' नं सुरू होणाऱ्या, म्हणजे त्याच फायलीत नेणाऱ्या, लिंकमध्ये शिरायचं, बाकीच्या सोडायच्या. हे सुचलं तेव्हाचा आनंद काय सांगू.

झोटेरो (संदर्भ साठवायचा प्रोग्राम) संग्रहाला उत्तमच, पण मराठी नोंदी मी आता यॅमलमध्ये (रकान्यांची साधी मजकूर-फाइल) हातानंच लिहितो. आडनाव आणि 'वि. भि.' वेगवेगळ्या रकान्यांत घातले की नाव कुठे तुटेल ही धास्ती राहत नाही.

आज वर्डची फाइल घेणार होतो. वर्डच्या शैलीत फॉन्ट बदलला तरी देवनागरी बदलत नाही, तिला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा (देवनागरीसारख्या लिप्यांचं वर्डमधलं नाव) फॉन्ट वेगळा द्यावा लागतो. पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, इंग्रजी पुस्तकांच्या नोंदींतही सन मराठी झालंय. सूचीतल्या प्रत्येक नोंदीच्या डिव्हला (तिच्याभोवतीचा अदृश्य कप्पा) तिच्या कीवरून (नोंदीला आपण दिलेलं खुणेचं नाव) आयडी मिळतो. इंग्रजी नोंदींच्या कीला ठरावीक उपसर्ग लावला तर फिल्टरला त्या वगळता येतील. तेव्हा वर्ड पुढच्या आठवड्यात, आधी हे.

आणि एकाच लेखकाची एकाच सनातली दोन पुस्तकं आली की सनामागे इंग्रजी 'ए', 'बी' लागतात, तेही बदलायचेत. तुम्ही तिथे 'अ, ब' लावता की 'क, ख'? काका 'अ, ब' म्हणतात.