तोंड हलतंय, मग रक्त तपासायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. जळगाव-धुळ्याकडच्या घरांतून हा प्रश्न सारखा येतो: स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत, आता जीभ वळवळते, जबडा चघळल्यासारखा हलतो (गोळ्यांमुळे होणाऱ्या या त्रासाला टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात), तर रक्तातले अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची इजा रोखणारे घटक, तपासून व्हिटॅमिन ई द्यावं का?

रक्ततपासणीवर पैसे घालू नका. मुळातली कल्पना चुकीची नाही. हॅलोपेरिडॉलसारखी स्किझोफ्रेनियाची औषधं डोपामिनचे, म्हणजे मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचे, रिसेप्टर (ते जिथे चिकटतं त्या जागा) अडवतात. मेंदू मग जास्त डोपामिन सोडतो, ते मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि हालचाली सांभाळणाऱ्या लोहयुक्त भागात पेशींना इजा करणारे मुक्त कण वाढतात, असं मानलं जातं. त्यांना आवरणारी एसओडी, कॅटालेजसारखी एन्झाइम्स अशा रुग्णांच्या रक्तात कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं, पण सगळ्यांत नाही. शिवाय रक्त म्हणजे मेंदू नव्हे. तंबाखू, आहार, मधुमेह यांनीही हा आकडा हलतो. एका माणसाचा उपचार त्यावरून ठरत नाही.

व्हिटॅमिन ईचंही तसंच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोज १६०० युनिट देऊनही हालचाली कमी झाल्या नाहीत. वाढ थोडी रोखली जात असेल, एवढीच आशा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

त्यापेक्षा डोळ्यांनी तपासा. हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, चपला-मोजे काढा. तोंडातली तंबाखू, गुटखा थुंकायला लावा; नाहीतर चघळणं कोणतं आणि आजार कोणता, कळणार नाही. कवळी सैल आहे का तेही विचारा. हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ बसू द्या. मग दोनदा तोंड उघडायला, दोनदा जीभ बाहेर काढायला सांगा. शेवटी अंगठ्याने एकेक बोट भराभर टेकवायला लावा, प्रत्येक हाताने १०-१५ सेकंद. या वेळी बोटांकडे नाही, चेहऱ्याकडे आणि पायांकडे बघा. दबलेली हालचाल इथेच वर येते. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. वर्षातून एकदा तरी हे करा, वय जास्त असेल तर दर ६ महिन्यांनी.

गोळ्या मनाने बंद करू नका, ही कळकळीची विनंती. एकदम थांबवल्या तर हालचाली उलट वाढू शकतात आणि आजारही उसळतो. डोस वाढवल्यावर तोंड शांत झालं तर तेही फसवं असतं. त्रास काही काळ झाकला जातो. कडकपणा आणि कंपासाठी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल या त्रासात बहुधा उपयोगी पडत नाही, कधी तो वाढवतं.

अजून एक, सहसा कुणी विचारत नाही ते. शेवभाजीनंतर जळजळ झाली की मेडिकलमधून आणलेल्या पित्ताच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड आहे का, वाचा. उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. दोन्ही डोपामिनच अडवतात.

डॉक्टर डोस कमी करू शकतात, क्लोझापिन किंवा क्वेटियापिन या स्किझोफ्रेनियाच्याच दुसऱ्या औषधांवर नेऊ शकतात, हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन देऊ शकतात. टेट्राबेनाझिनने मन उदास होतं का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, पित्ताच्यासुद्धा, एका पिशवीत घ्या आणि व्हिडिओ दाखवा. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.