पोटाखालचा माणूस

गोव्याला जाऊन समुद्रात पाय न भिजवता परत येणारी माणसं कमीच असतील. आम्ही तसे आलो, आणि येताना कोकण रेल्वेच्या डब्यातून चांगलं हातभर रुंद फ्रेमचं चित्र घेऊन आलो.

निमित्त सासऱ्यांचं. अप्पा नौदलाच्या हवाई शाखेत, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या फ्लाइट डेकवर, म्हणजे विमानं उडतात-उतरतात त्या डेकवर होते. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचं संमेलन वास्कोत, कारण दाबोळीचा आयएनएस हंसा तळ म्हणजे या मंडळींचं माहेर. सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याचं ऑफिस, म्हणून सोबत मी. हॉटेलबद्दल न बोललेलंच बरं. इसवणाचं हुमण मात्र मी दोन्ही वेळा मागवलं.

सकाळी बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय पाहिलं. सगळी गर्दी सी हॅरिअरपाशी, सेल्फी काढत. अप्पा गायब! शोधलं तर सी हॉकच्या खाली गुडघ्यावर बसलेले. रखवालदार ओरडला, "काका, हात लावू नका!" अप्पा शांतपणे म्हणाले, "हुक आहेत का बघतोय."

संध्याकाळचा हॉल मला खटकला. पुढे अधिकाऱ्यांसाठी सोफे, मागे खलाशांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. निवृत्तीला चाळीस वर्षं झाली तरी रांग तीच. अप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही, त्यामुळे मी एकटीच फुरंगटून बसले.

जेवणाआधी लिलाव होता, पैसे दिवंगत सहकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी. सी हॅरिअरचं चित्र झटकन गेलं. दुसऱ्या एका चित्रात १९७१ची विक्रांत होती, पण पुढच्या टोकाला स्की-जंप, म्हणजे विमान उडवायला वर वळवलेला डेकचा उतार काढलेला. तो उतार हॅरिअरसाठी बसवला १९८०च्या दशकात! मागच्या खुर्च्यांतून असा हशा उठला की ते चित्र मुकाट्याने बाजूला ठेवावं लागलं.

मग आलं ते. डिसेंबर १९७१, बंगालचा उपसागर, वाफेच्या कॅटापल्टवर, म्हणजे विमानाला डेकवरून वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्रावर, उभं सी हॉक. ४ डिसेंबरला याच विमानांनी आधी कॉक्स बझार आणि मग चितगाववर हल्ला केला होता. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. हे मला अप्पांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. चित्रकाराने आभाळ आणि विमान छान रंगवलं होतं. मला तेवढंच दिसलं.

अप्पांचा हात वर गेला. पुढच्या सोफ्यावरूनही एक हात वर गेला, निवृत्त कमांडर, पुण्याचे. आकडा चढत गेला. मी अप्पांच्या बाहीला हळूच ओढ दिली. "तू गप्प बस गं," असं ते मला पहिल्यांदाच म्हणाले. कमांडर मागे वळून बघायचे, अप्पा समोर बघत हात वर करायचे. अर्धा हॉल अप्पांच्या बाजूने झाला होता, अर्थातच प्लास्टिकच्या खुर्च्यांचा अर्धा. शेवटी पुढचा हात खाली आला आणि मागे अशा टाळ्या पडल्या की जणू युद्धच जिंकलं.

कमांडर स्वतः मागे आले. "चीफ, एवढं काय आहे त्यात?"

अप्पांनी बोट ठेवलं. विमानाच्या पोटाखाली, सावलीत, पाठ वाकवलेला एक माणूस. विमानाखालच्या हुकांना तारेचा जाड दोर, म्हणजे स्ट्रॉप, अडकवायचा आणि त्याचा फास कॅटापल्टच्या खुंटीला घालायचा. इंजिन चालू असताना, डोकं खाली घालून. सी हॉकचा झोत शेपटीतून नाही, दोन्ही पंखांच्या मुळाशी मागे निघतो, म्हणजे बाहेर पडतानाही कुठल्या बाजूने वळायचं ते पक्कं लागतं. दोर नीट बसला नाही तर विमान आणि वैमानिक दोघेही पाण्यात.

"कोण हा?" कमांडरांनी विचारलं.

"कोण का असेना सर. पोरांपैकी एक. फोटोत नाही कधी आलो आम्ही."

कमांडर चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले. "कॉकपिटमधून तुम्ही दिसायचातच नाही रे," ते म्हणाले. इतका वेळ हुद्द्याने 'चीफ', आणि आता 'रे'. मग खुर्ची ओढून तिथेच, प्लास्टिकवर, बसले. दोघांचं जेवण गार झालं आणि माझी झोप गेली, कारण ते रात्री दीडपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मडगावहून गाडी. फ्रेम सीटखाली जाईना, वरच्या बर्थवर मावेना. टीसीने 'हे काय?' विचारलं आणि अप्पांनी त्याला कॅटापल्ट सविस्तर समजावला. कणकवली, राजापूर, रत्नागिरी गेलं तरी डब्यातलं कोणी झोपलं नव्हतं.

आता ते चित्र हॉलमध्ये लावायचं की अप्पांच्या खोलीत यावर घरात वाद चालू आहे. लिलावात ते कितीला गेलं हे इथे लिहीत नाही, सासूबाई हे वाचतात.