पाँपेई : युमाकिआबाईंना भेटायचं असेल तर उलट्या बाजूने शिरा

पाँपेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं इटलीतलं प्राचीन रोमन शहर. तिथल्या स्टेशनबाहेरच्या एका गाइडला माणशी ४५ युरो मोजले. त्याने तीन तासांत मन लावून दाखवलं काय, तर वेश्यागृह. तिथल्या रांगेतच पाऊण तास गेला. त्या काळातल्या युमाकिआ नावाच्या बाईंनी बांधलेल्या इमारतीपुढे मात्र चालता चालता नुसता हात केला, "धोब्यांचा बाजार", आणि पुढे. मावसबहीण वैतागली. आम्ही त्याला तिथेच नमस्कार केला आणि फोरमवर, म्हणजे शहराच्या जुन्या मुख्य चौकात, परत आलो.

ही इमारत बघायला अर्धा तास ठेवाच. दाराच्या संगमरवरी चौकटीवर वेलबुट्टी आहे आणि तिच्यात पक्षी, किडे लपलेत. नाक लावून बघा. शिलालेख सांगतो की लुकिउसची मुलगी, नगराची पुजारीण युमाकिआ हिने आपल्या आणि मुलाच्या नावाने, स्वतःच्या पैशाने हे बांधलं. नवऱ्याचा उल्लेखच नाही! समोरचं चुकलं तर बाजूच्या रस्त्यावरच्या दारावर तोच मजकूर पुन्हा आहे. कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्यांनी तिचा पुतळा उभारला होता. आत दिसते ती नक्कल.

आता तो रस्ता. व्हिया देल'अब्बोन्दान्झा, फोरमपासून पूर्वेकडे, नकाशावर जेमतेम किलोमीटर. जुलैतली दुपारची साडेबारा, सावली नावाला नाही. लाव्हाचे गुळगुळीत दगड, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मध्येच रस्ता ओलांडायचे उंच दगड. मी फ्लोटर्स घालून गेले होते. शुद्ध मूर्खपणा. दोनदा घोटा मुरगळला. काही जुन्या दगडी कुंडांना आता नळ आहेत, तिथेच बाटली भरा. वाटेत आसेलिनाचं खाणावळवजा दुकान लागतं. भिंतीवर झ्मिरिना, मारिआ, एग्ले अशा बायकांच्या नावांनी निवडणुकीचा प्रचार रंगवलेला होता. बायकांना मत नव्हतं, प्रचार मात्र जोरात.

यूलिआ फेलिक्सचा वाडा थेट अँफिथिएटरजवळ. इ.स. ६२ च्या भूकंपानंतर बाईंनी पाटीच लावली: भाड्याने देणे आहे! सभ्य लोकांसाठी न्हाणीघर, दुकानं, वरच्या खोल्या. १३ ऑगस्टपासून ५ वर्षांच्या कराराने. पुण्यातली कुठलीही घरमालकीण शोभली असती.

नोचेरा वेशीबाहेर युमाकिआची कबर आहे, पाँपेईतली सगळ्यात मोठी. 'स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी' असा लेख. आम्ही पोचलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. मी पायरीवर बसून रडायच्या बेतात होते, दमल्यामुळे असेल.

म्हणून सांगते: पॉम्पेई सान्तुआरिओ स्टेशनला उतरा, अँफिथिएटरच्या दाराने सकाळी उघडताक्षणी आत जा. आधी यूलिआ, मग कबर, मग ऊन चढायच्या आत फोरमकडे. त्या बाजूला हलका चढ आहे, पण सकाळी जाणवत नाही. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. ते नावाचं असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी सॅक आत सोडत नाहीत. गाइड नकोच. वेश्यागृह गाळा, दोन खोल्या कमी बघितल्याने काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी हर्क्युलेनियम, म्हणजे तसंच गाडलं गेलेलं जवळचं दुसरं शहर, निवांत झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी युमाकिआचा मूळ पुतळा बघायला नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. ते मंगळवारी बंद असतं. आणि तो मंगळवार होता.