कोळशाच्या वस्तीतला मुक्काम

आमच्या पदयात्रेच्या रूटवर एक टप्पा असा होता की प्लॅनिंग सुरू झाल्यापासून त्याचं मला टेन्शन होतं. औष्णिक वीज केंद्राच्या कडेने जाणारा. दिवसभर चालायचं, संध्याकाळी केंद्राच्या गेटसमोर थांबून प्रार्थना करायची आणि रात्री मुक्काम जवळच्याच वस्तीतल्या चर्चच्या हॉलमध्ये, आणि त्या चर्चची निम्मी मंडळी एकतर त्या केंद्रात कामाला नाहीतर कोळशाच्या खाणीत. म्हणजे ज्यांच्या रोजीरोटीच्या दारात उभं राहून आपण "हे बंद व्हायला पाहिजे" असं म्हणणार, त्यांच्याच छपराखाली रात्री पाठ टेकणार.

तरी तो टप्पा आम्ही मुद्दाम ठेवला होता. मी चर्चेसच्या एका संयुक्त ऑफिसात काम करते, वेगवेगळ्या पंथांची चर्चेस मिळून काही करायचं म्हटलं की कोऑर्डिनेशन माझ्याकडे येतं. हवामान न्यायासाठी, म्हणजे हवामान बदलाला ज्यांनी कमी हातभार लावला त्यांनाच जास्त झळ बसते या अन्यायाविरुद्ध, चालायचं ठरलं तेव्हा आमच्या टीममध्ये कॅथलिक फादर होते, लूथरन आणि मेथडिस्ट पाळक होते, एक ऑर्थोडॉक्स डीकन (धर्मगुरूंना साहाय्य करणारे), एक पेंटेकोस्टल दांपत्य, आणि कुठल्याच चर्चमध्ये फारसे न जाणारे पण या विषयासाठी जीव टाकणारे काही तरुण. २०१३ साली दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महासभेत जागतिक चर्च परिषदेने सगळ्यांना 'न्याय आणि शांतीची यात्रा' करायला बोलावलं, आणि त्या यात्रेची तीन अंगं सांगितली जातात: देवाने दिलेल्या देणग्यांचा आनंद करणं, जखमांना भेट देणं, आणि अन्याय बदलायला हात लावणं. २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या आधी जर्मनीच्या उत्तर टोकाच्या फ्लेन्सबुर्गहून लोक चालत पॅरिसला गेले तेव्हा त्यांनीही वाटेत दुखऱ्या जागा आणि बळ देणाऱ्या जागा अशा दोन्ही घेतल्या होत्या. आमचा रूट आखताना हे डोक्यात होतं. नुसती नदीकाठची, झाडीतली वाट घेतली तर ती छान सहल होईल, यात्रा होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तर त्या दिवशी. सकाळी लवकर निघालो कारण ऊन फार होतं. साठेक माणसं, शाळकरी पोरांपासून सत्तरी ओलांडलेल्या सिस्टरांपर्यंत. अशा ग्रुपचा वेग ताशी चार किलोमीटरच्या वर जात नाही, आणि थांबे धरले तर तीनच धरावा. पुढे एकजण रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे एकजण ज्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही, दोघांच्या अंगावर चमकणारी जॅकेटं, मध्ये फर्स्ट एडवाली. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर एका ओळीत, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. पहिला एक तास कुणी बोलायचं नाही हा आमचा नियम, आणि खरं सांगते, वेगवेगळ्या पंथांचे लोक एकमेकांना सगळ्यात जास्त त्या मुक्या तासात ओळखायला लागतात, कारण तेव्हा कुणाला कुणाचं काही खोडून काढता येत नाही.

दुसऱ्या थांब्यावर पोरांच्या पायाचे फोड बांधत होते तेवढ्यात फोन. वस्तीतल्या चर्चचे पाळक.

"ताई, हॉलचं अवघड झालंय."

आमच्या बॅनरचा फोटो रात्रीतून त्यांच्या मंडळीच्या ग्रुपवर फिरला होता. 'कोळसा थांबवा, सृष्टी वाचवा'. कमिटीतल्या काहींचं म्हणणं, आमच्या पोटावर पाय देणाऱ्यांना आम्हीच गादी का घालायची. पाळकसाहेबांचा आवाज इतका उतरलेला होता की मला त्यांना काही बोलावंसंच वाटेना. ते म्हणाले कमिटी दुपारी बसणार आहे, मी प्रयत्न करतो, पण तुम्ही दुसरी सोय बघून ठेवा.

दुसरी सोय म्हणजे पुढचं गाव, आणखी नऊ किलोमीटर. त्या उन्हात, त्या माणसांना. बस मागवता आली असती. झाडाखाली टीम बसली आणि पाच मिनिटांत चार मतं. तरुणांचं म्हणणं, गेटसमोरच रस्त्यावर झोपू, बातमी तरी होईल. डीकन म्हणाले बॅनर गुंडाळून ठेवा, आपण पाहुणे आहोत. फादर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आपण फोनवर का बोलतोय? जाऊन बसा की त्यांच्यासमोर."

मला ते पटलं. सामानाच्या गाडीतून मी पुढे जायचं ठरलं आणि तेवढ्यात आमच्याबरोबर चालणाऱ्या एक बाई उठून म्हणाल्या मी पण येते. या आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या, बेईरा शहरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या, मेथडिस्ट. २०१९ च्या मार्चमध्ये इडाई चक्रीवादळ आलं तेव्हा त्या तिथेच होत्या. रेडक्रॉसच्या सुरुवातीच्या अंदाजात बेईराचं ९० टक्के नुकसान झालं होतं, आणि मोझांबिक, झिंबाब्वे, मलावी मिळून हजाराहून जास्त माणसं गेली. मी म्हटलं, "तिथे लोक चिडलेले आहेत, तुम्हाला त्रास होईल." त्या म्हणाल्या, "चिडलेल्या माणसांशीच तर बोलायला आले मी इतक्या लांब."

हॉलमध्ये लांब टेबलाच्या एका बाजूला कमिटी, एका बाजूला आम्ही दोघी, मध्ये पाळकसाहेब. सुरुवातीला कुणी काही बोलेना. मग बॉयलर विभागात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी खिशातून गेटपास काढला आणि टेबलावर ठेवला. प्लॅस्टिकचे कोपरे घासून पांढरे झालेले, फोटो इतका जुना की त्यातले केस काळे आणि समोर बसलेल्या माणसाचे पांढरे. म्हणाले, "हे कार्ड माझ्या वडलांनंतर मला मिळालं. हे बंद झालं की माझ्या पोराचं शिक्षण बंद. तुम्ही गेटवर प्रार्थना करणार ना, मग यासाठी काय प्रार्थना करणार ते सांगा आधी."

माझ्याकडे उत्तर होतं, म्हणजे कागदावरचं होतं. हवामानाच्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकातच कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतर आणि चांगल्या रोजगाराची गोष्ट लिहिलेली आहे, ते मी सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, आणि म्हणाले, "कागद आम्हाला पण दाखवतात. तारीख सांगा. कुठलं युनिट कधी बंद होणार, त्या आधी मला कुठलं काम शिकवणार, कोण शिकवणार, तोपर्यंत पगार कोण देणार." यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांच्या मालकांनी पण कधी दिलं नव्हतं.

मग त्या बाई बोलल्या. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. रात्री वाऱ्याने पत्रे कसे उडाले, शाळेच्या वर्गाचं छप्पर कसं गेलं, आणि वादळ जाऊन लोकांना वाटलं संपलं तेव्हा नद्यांचं पाणी कसं चढत राहिलं, माणसं झाडांवर कशी बसून होती. त्यांच्या वर्गातली काही मुलं परत आली नाहीत, ती गेली की दुसरीकडे राहायला गेली हे अजून त्यांना माहीत नाही. आणि मग म्हणाल्या, "माझ्या मुलांच्या घरात दिवा नव्हता आणि तुमच्या पोरांनी दिव्याखाली अभ्यास केला यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण कोळसा जळत राहिला तर माझ्या गावात पुन्हा पाणी येईल. हे मी तुमच्यासमोर बोलले नाही तर खोटं होईल."

हवामान न्याय हा शब्द मी किती पत्रकांत लिहिलाय, किती सभांत समजावून सांगितलाय, की संपूर्ण आफ्रिका खंडाचा जगाच्या कार्बन उत्सर्जनातला वाटा जेमतेम ४ टक्क्यांच्या घरात आहे आणि तडाखा मात्र तिथे पहिला बसतो, वगैरे. त्या टेबलावर त्या वाक्याची दोन्ही टोकं समोरासमोर बसली होती, आणि दोघांपैकी कुणाच्याच हातात ते वीज केंद्र सुरू ठेवायचं की बंद करायचं हा निर्णय नव्हता. ज्यांच्या हातात होता ते त्या खोलीत नव्हतेच. हे माझ्या आधी त्या बॉयलरवाल्या काकांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "इथे कंपनीवाले येतात, आंदोलनवाले गेटपर्यंत येतात आणि फोटो काढून जातात. या बाई आत येऊन बसल्या."

पुढचा अर्धा तास घासाघीस. बॅनर राहणार, त्यावर मी ठाम होते, कारण बॅनर लपवून केलेल्या पाहुणचाराचा कुणालाच उपयोग नाही. पण गेटवर त्यांचा माणूस पण बोलणार, आणि आम्ही जे निवेदन देणार होतो त्यात कामगारांची मागणी एक ओळ म्हणून नाही तर पहिल्या परिच्छेदात, तारखांसकट येणार. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ हे ऐकून उठून निघून गेले ते शेवटपर्यंत आले नाहीत. बाकीच्यांनी हॉल दिला.

गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुटायची वेळ. पोलिसांना आधीच कळवलेलं होतं, त्यांनी रस्त्याची एक बाजू मोकळी करून दिली. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातला सगळी सृष्टी कण्हते आहे तो भाग वाचला, मागे कन्व्हेयरचा आवाज चालूच. मग काकांनी खिशातून कागद काढला आणि वाचलं. प्रार्थना होती की मागणी होती सांगता येणार नाही, दोन्ही होतं. बाहेर पडणारे कामगार थांबले, काहींनी टोप्या काढल्या, काहीजण सरळ निघून गेले, एकाने शिवी दिली.

आमच्यातलेही सगळे खूश नव्हते. एक मुलगी, सुरुवातीपासून चालणारी, अभ्यासू, त्या रात्रीच बॅग घेऊन घरी गेली. तिचं म्हणणं, तुम्ही मुदत मान्य केलीत, आणि बेईराकडे मुदत नाही. मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. तिला खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं आणि आजही नाही. तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादा कुणाच्या नोकरीचं वय बघून थांबत नाही हे तिचं बरोबरच आहे. तरी ज्या माणसाच्या घरात राहायचं त्याला विचारल्याशिवाय त्याचं भविष्य ठरवायचं हे यात्रेत बसत नाही, असं मला वाटतं, आणि ते मी तिला सांगितलं.

रात्रीच्या उपासनेचा वेगळा घोळ असतो, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या नियमानुसार प्रोटेस्टंटांबरोबर एका मेजावर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, घेता येत नाही, हा प्रश्न शतकांचा आहे आणि पदयात्रेच्या कोऑर्डिनेटरने तो सोडवायचा नसतो. दिवसभर एकत्र चालून रात्री वेदीपाशी वेगळं व्हायचं याचं दुःख होतं, विशेषतः तरुणांना, ते रागावतात. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंडच्या परिषदेत चर्चेसना एक प्रश्न विचारला गेला होता, की ज्या बाबतीत श्रद्धेतले खोल मतभेद वेगळं व्हायला भाग पाडतात त्या सोडून बाकी सगळं आपण एकत्र करायला नको का? माझ्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. म्हणून आमच्या रोजच्या उपासनेत आम्ही पाय धुण्याचा विधी ठेवला होता, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला, जिथे येशू शिष्यांचे पाय धुतो. त्याला कुठल्याच चर्चची हरकत नाही, आणि चालणाऱ्या माणसाच्या पायाला त्याची खरोखर गरज असते.

ठरल्याप्रमाणे आम्हीच एकमेकांचे धुणार होतो. पण मंडळीतल्या बायकांनी घमेली आधीच भरून ठेवली होती आणि त्या म्हणाल्या आमच्याकडे आलात, आम्ही धुणार. काकांनी त्या शिक्षिका बाईंसमोर घमेलं ठेवलं. टाचेला फोड होता, पट्टी भिजून चिकटली होती, त्यांनी ती हळूहळू पाणी घालत सोडवली, वेळ लागला. काही बोलले नाहीत. नंतर बाई उठल्या आणि म्हणाल्या आता तुम्ही बसा. काकांना ते अवघड गेलं, ते नको नको म्हणत होते, पण बसले.

त्यानंतर बरेच उशिरापर्यंत हॉलमध्ये चटया टाकलेल्या तशाच राहिल्या आणि लोक घोळक्याने बोलत बसले. मी आणि फादर कोपऱ्यात निवेदन नव्याने लिहीत होतो, काका आणि त्यांचे दोन सहकारी शेजारी बसून दुरुस्त्या सांगत होते. कुठल्या युनिटचं आयुष्य किती उरलंय, कंत्राटी कामगार कुठल्याच यादीत कसे नाहीत, दम्याचे पेशंट वस्तीत किती वाढलेत हे त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं आमच्या कुठल्याही तज्ज्ञाला नव्हतं. कोळसा बंद व्हावा हे त्या तिघांतल्या एकाने तर स्वतःच बोलून दाखवलं, राखेचा तलाव त्याच्या घरामागे आहे.

निवेदनावर सगळ्या पंथांच्या प्रमुखांच्या आणि त्या कमिटीच्या सह्या आहेत. कंपनीकडून पोच आली, उत्तर आलं नाही, आम्ही पाठपुरावा करतोय. पुढच्या यात्रेसाठी मी रूट पुन्हा आखायला घेतलाय आणि त्या वस्तीत दोन रात्रींचा मुक्काम टाकलाय. मधला अख्खा दिवस चालायचं नाही, घरोघरी जाऊन बसायचं. जी मुलगी निघून गेली होती तिला मी यायचं निमंत्रण पाठवलंय, आणि त्या दिवशीचं सूत्रसंचालन तिनेच करावं अशी माझी इच्छा आहे.