सगळ्यात भारी गाडी आणि हँडलचा गियर

परवा रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. आमरसाची दुसरी वाटी संपेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, मग भाच्याने मोबाईल नाकासमोर धरला. "मामा, जगातल्या दहा ग्रेटेस्ट गाड्या, बघ पटतायत का." बघितलं तर मॅकलरेन एफ1, फेरारी एफ40, लॅम्बोर्गिनी मिउरा, सगळी पोस्टरवाली मंडळी. आता मॅकलरेन एफ1 भारी आहे यात वादच नाही, ड्रायव्हर बरोब्बर मधोमध बसतो, 1998 मध्ये ती ताशी 386 किलोमीटरने पळाली, पण बनल्या किती तर एकूण 106. तेवढ्या तर आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडतायत.

पलीकडून बाबा न बघताच म्हणाले, "फियाट." आणि सुपारी कातरायला लागले, म्हणजे त्यांच्यापुरता विषय संपला.

मुंबईत फियाट म्हणजे कुठली हे सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, मुळातली इटलीची फियाट 1100, 1089 सीसीचं इंजिन आणि हँडलला गियर. त्या हँडलच्या गियरमुळे पुढे सलग सीट, ड्रायव्हरशेजारी दोन मोठी माणसं आणि मांडीवर एक पोर आरामात, मागे कितीही. काळी-पिवळी म्हणून ती इतकी वर्षं धावली की 2023 च्या ऑक्टोबरच्या शेवटी शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा लोक अक्षरशः फोटो काढायला गेले होते. पण बाबांना मी तेच म्हटलं, आवडती वेगळी आणि ग्रेट वेगळी. आवडती गाडी ज्याची त्याची असते. ग्रेट म्हणजे, ती गाडी झालीच नसती तर आज खाली उभी असलेली गाडी वेगळी झाली असती का, एवढंच बघायचं. ही माझी चाळणी, ज्याला नको त्याने वापरू नये.

तर 1999 मध्ये जगभरच्या पत्रकारांनी मतं देऊन शतकातली गाडी निवडली होती, फोर्ड मॉडेल टी पहिली, मग मिनी, मग सिट्रोएन डीएस, मग बीटल, पाचवी पोर्शे 911. यादी चांगली आहे, पण माझ्या चाळणीतून घातली की गंमत होते.

मॉडेल टी घ्या. 1908 ते 1927, दीड कोटी गाड्या, आणि 1913 मध्ये फोर्डने सरकती असेंब्ली लाइन लावल्यावर जी चॅसी जोडायला साडेबारा तास लागायचे ती दीड तासात व्हायला लागली. पण नीट बघितलं तर हे कौतुक कारखान्याचं आहे, गाडीचं नाही. गाडीत बसलात तर आज तुम्हाला ती जागची हलवता येणार नाही. तीन पेडल आहेत, पण डावं गियरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, आणि ॲक्सिलरेटर हाताने, स्टिअरिंगखाली दांडी असते ती. सवयीने उजवा पाय दाबलात तर गाडी पळायच्या ऐवजी थांबणार. म्हणजे कारखान्याचा नमुना सगळ्यांनी उचलला आणि गाडीचा कोणीच नाही.

बीटल तर सरळच आहे. 2 कोटी 15 लाख गाड्या, शेवटची 2003 मध्ये मेक्सिकोत बनली, पण इंजिन मागे, डिकी पुढे, थंड करायला हवा. तो मार्ग खुद्द फोक्सवॅगननेच 1974 मध्ये गोल्फ काढून सोडला. सिट्रोएन डीएस बद्दल मी हळवा आहे हे आधीच कबूल करतो, 1955 मध्ये पॅरिसच्या शोमध्ये पहिल्याच दिवशी 12,000 बुकिंग, तेल आणि गॅसवर चालणारं सस्पेंशन, 1962 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा टायर फुटलेले असताना गाडी त्यांना घेऊन निसटली. दिसायला तर आजपण उद्याची वाटते. पण तिच्यासारखी दुसरी कोणी केली का? नाही. 911 बद्दल मी बोलत नाही, तिचे भक्त असतात आणि मला रात्री झोप हवी आहे.

राहिली मिनी. इथे खरा मसाला आहे. 1956 मध्ये इजिप्तच्या नासरने सुएझ कालवा ताब्यात घेतला, त्या भानगडीत ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, आणि ॲलेक इसिगोनिस या डिझायनरला सांगण्यात आलं की कमी पेट्रोल पिणारी छोटी पण खरी गाडी कर, चार माणसं बसली पाहिजेत. त्याने दहा फुटांत गाडी बसवली. कशी, तर तोवर बहुतेक गाड्यांत उभं असणारं इंजिन त्याने आडवं टाकलं आणि पुढचीच चाकं फिरवली, त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट गेला, त्याचा बोगदा गेला, सगळी जागा माणसांना. 1959 मध्ये गाडी आली आणि नंतर माँटे कार्लो रॅली तीनदा जिंकली. 1966 ला तर पहिल्या तिन्ही मिनीच होत्या पण हेडलाइटच्या बल्बवरून बाद केल्या आणि बक्षीस दिलं कोणाला, सिट्रोएन डीएसला! फ्रान्सच्या बाजूची रॅली, फ्रेंच गाडी, काय ते समजा. आणि भाच्याच्या यादीतल्या मिउराचं ते आडवं व्ही12 इंजिन आणि गियरबॉक्स एकाच तेलात, ही कल्पना पण मिनीवरूनच आलेली, हे सांगितल्यावर पोरगं जरा वरमलं.

पण मिनीत एक गोची होती. आडव्या इंजिनाशेजारी गियरबॉक्सला जागा उरेना म्हणून इसिगोनिसने तो इंजिनाच्या पोटात, ऑइलच्या टाकीतच टाकला. दोघांना तेल एकच, म्हणजे गियरने दळलेलं तेल इंजिनाने प्यायचं. आणि क्लचपलीकडे गियरबॉक्सला हात लावायचा तर सगळं धूड बाहेर काढा. शिवाय इंजिनाला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या अगदी मागे, पाऊस आला की भिजणार. जुलैत हिंदमाताला ती कितीदा बंद पडली असती देव जाणे.

हे कोडं सोडवलं दान्ते जियाकोसाने, फियाटमध्ये. त्याने गियरबॉक्स इंजिनाच्या शेजारी एका ओळीत लावला, दोघांना वेगळं तेल. आता चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट एक लांब एक आखूड होणार, तर होऊ दे म्हणाला, आणि तसे बसवले. इंजिन आडवं म्हणजे पट्ट्यावरचा पंखा आडव्या बाजूला तोंड करणार, रेडिएटर तर पुढे हवा, मग पंखा विजेवर चालवला, गरम झालं की आपोआप सुरू. (गाडी बंद करून आपण लिफ्टपर्यंत पोचतो तरी पाठीमागे घर्रर्र चालू असतं ना, त्याचं मूळ इथलं.) फियाटला धाकधूक होती म्हणून हा प्रयोग आधी 1964 मध्ये ऑटोबियांकी या धाकट्या ब्रँडच्या प्रिमुलावर केला, फसलं तर नाव त्यांचं जाईल. फसलं नाही. 1969 मध्ये फियाट 128 आली, 1116 सीसीचं इंजिन आणि तेसुद्धा पूर्वी फेरारीत असलेल्या लांप्रेदीने केलेलं, आणि 1970 ची युरोपियन कार ऑफ द इयर झाली. नासरच्या इजिप्तमध्ये तर 128 दोन हजार साल उलटल्यावरही बनत होती, हा योगायोग मला फार आवडतो.

दिसायला? खोकं. लहान मुलाला गाडी काढ म्हटलं तर काढेल तसं. पोस्टर कोणी लावणार नाही. पण मारुती 800 चं बॉनेट उघडा, 796 सीसीचं इंजिन आडवं, शेजारी गियरबॉक्स, पुढे विजेचा पंखा. गोल्फ तशी, आज आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या हॅचबॅक तशा. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा सगळे म्हणाले जपानी टेक्नॉलॉजी, मांडणी तुरिनची, म्हणजे फियाटच्या गावची होती. इलेक्ट्रिक गाड्या हे सगळं मोडीत काढतील ते खरं, पण पन्नास वर्षं टिकली की राव.

भाचा म्हणाला, "मामा, सिरियसली? हे खोकं?" मी त्याला खाली नेलं, ताईच्या गाडीचं बॉनेट उघडलं, दाखवलं सगळं. तो बघत होता पण चेहऱ्यावर एफ40 च होती.

वर येऊन बाबांकडे मोर्चा वळवला. म्हटलं बाबा, तुम्ही पण जिंकलात एक प्रकारे, तुमची फियाट 1100 झाली तेव्हा तिथे गाड्यांच्या डिझाइनचा मुख्य हाच जियाकोसा होता, आणि जगाला वळण लावणारी 128 पण त्याचीच. बाबांनी सुपारी तोंडात टाकली, जरा विचार केला.

"तिचा गियर कुठे होता? हँडलला?"

"नाही, खाली."

"मग पुढे तिसरा कुठे बसणार?"