एकच नाव सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. नाहीतर हा प्रश्न मी आजवर ‘एला’ एवढ्या दोन अक्षरांत टोलवत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, निवृत्त बँकवाल्यांच्या मेळाव्यात, रंकाळ्यावर फिरताना कुणीतरी ओळख करून देतं, ‘हे आमचे जॅझवाले.’ समोरचा लगेच, ‘असं का? मग आवडती गायिका कोण? एकच नाव सांगा.’ एकच. जसं काही रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव घालायचंय.

या प्रश्नाची भावंडंही ठरलेली. ‘किशोरीताई असताना हे कशाला?’ किशोरीताई आहेतच, त्यांना मी कुठं घालवलंय? ‘नोरा जोन्स ऐकता का? रविशंकरांची मुलगी.’ माहीत आहे हो. तिचा २००२ चा पहिला अल्बम माझ्याकडंही आहे, पावसात चहाबरोबर बरा वाटतो. पुढं बोला.

तुमचा प्रश्न मात्र जरा लांबीचा होता. जुन्यांत कोण, नव्यांत कोण, आणि तुमच्या बोलण्यात बिली हॉलिडेचं नाव कधीच कसं येत नाही? ते शेवटचं झोंबलं. म्हणून हा सगळा पसारा.

आधी एला फिट्झजेराल्ड. ते उत्तर खोटं नाही. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. ‘मॅक द नाइफ’ गाताना बाई निम्म्यात शब्द विसरली. आपल्याकडं शब्द विसरला की गवई तानेत शिरतो, फार तर पेटीवाल्याकडं बघतो. हिनं लय न सोडता गाण्यातच सांगून टाकलं की पुढचं काही आठवत नाही. मग लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढला आणि मूळ गाण्यापेक्षा भारी काहीतरी करून ठेवलं. त्याला पुढं ग्रॅमीही मिळालं. ते ध्वनिमुद्रण मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही, आणि हिशेब हा माझा धंदा होता.

तरी मधली दहा-बारा वर्षं मी एलाला नावं ठेवत होतो. ‘सुखी आवाज’ म्हणायचो. त्या बाईला आयुष्यात काही लागलंच नाही, म्हणून गाण्यात जखम नाही, असलं काहीबाही. मग कधीतरी वाचलं की आई गेल्यावर ती सुधारगृहात होती, तिथून पळाली आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहिली. २१ नोव्हेंबर १९३४ ला हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री ती उतरली ती खरं तर नाचायला. आधीच्या नाचणाऱ्यांना बघून पाय लटपटले, म्हणून गायली. वय सतरा. हे वाचल्यावर तोच आवाज मला एकदम खोल वाटायला लागला, आणि त्याचा मला रागच आला. म्हणजे गाणं ऐकायला मला आधी दाखला लागतो? उत्पन्नाचा असतो तसा दुःखाचा?

हा प्रश्न लक्षात ठेवा. तो मला अजून सुटलेला नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

डिसेंबर २०१९. मी नुकताच निवृत्त झालो होतो. इथल्या एका संगीतप्रेमी मंडळानं म्हटलं, ‘तुमच्या त्या जॅझच्या बायका एकदा ऐकवा की.’ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, पन्नासेक खुर्च्या, भाड्याचे दोन स्पीकर, मध्यंतरात चहा. मी तीन महिने तयारी केली. कोल्हापूर म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. इथल्या श्रोत्याला सूर समजावायला जाणं म्हणजे गुऱ्हाळावर जाऊन गुळाची जाहिरात करणं. पहिल्या रांगेत एक बुवा बसले होते. जयपूरची तालीम, पंचाहत्तरी उलटलेली, त्यांच्या कानाबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

सुरुवात झकास झाली. एलाचं स्कॅट, म्हणजे शब्दांऐवजी नुसती निरर्थक अक्षरं गाणं, लावलं तर मागून कुणीतरी ‘तराणाच की हा’ म्हणालं. सारा व्हॉनला बुवांनी स्वतः दाद दिली. ती खाली उतरायला लागली की खर्जातसुद्धा आवाज भरलेला राहतो, त्यावर ‘अहाहा’ केलं आणि शेजारच्याच्या गुडघ्यावर थाप मारली. मी फुगलो. चहा झाला. आणि मी बिली लावली.

सुरुवातीची नव्हे, मुद्दाम शेवटाकडची. ‘लेडी इन सॅटिन’, फेब्रुवारी १९५८. मागं व्हायोलिनांचा मोठा ताफा, गुळगुळीत, आणि पुढं तो आवाज. मऊ गादीवर फुटकी बशी ठेवावी तसा. ज्यानं हा वाद्यमेळ रचला त्या रे एलिसलासुद्धा ध्वनिमुद्रण चालू असताना तिचं गाणं पसंत नव्हतं, पुढं पूर्ण मिश्रण ऐकल्यावर त्याचं मत फिरलं. हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. म्हटलं, आधी ऐकू देत, मग सांगू.

दीड मिनिट झालं असेल नसेल. बुवांनी हात वर केला. तंबोरा उतरलाय हे शिष्याला सांगताना करतात तसा. ‘थांबवा हो जरा. बाईला सूर लागत नाहीये.’

मागून आवाज आला, ‘सूर न्हवं, दुसरंच कायतरी चढलंय.’

हॉल हसला. आणि मी थांबवलं.

नुसतं थांबवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी पुढं बोललो. ‘बरोबर आहे बुवा, व्यसनांनी आवाज गेला होता तिचा. उमेदीतली गाणी वेगळीच आहेत.’ हे बोलताना मी हसत होतो, तेही आठवतं. मग उमेदीतलंही नाही लावलं, घाईघाईनं पुन्हा एला लावली. लोक सुखावले. शेवटी मला शाल आणि श्रीफळ मिळालं. ती शाल अजून कपाटात आहे, वापरलेली नाही.

सगळे गेल्यावर स्पीकरवाला पोरगा वायरी गुंडाळत होता. म्हणाला, ‘काका, ते मधलं गाणं बंद केलं ना तुम्ही, त्यात आवाज फाटत होता. आपल्या स्पीकरमुळं का?’

म्हटलं, ‘नाही रे, तिचाच तो.’

‘मग मिळवली,’ तो म्हणाला आणि स्पीकर उचलून जिना उतरला.

त्या रात्री झोपताना मी बुवांना भराभर उत्तरं देत होतो. १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात तिला तुरुंगात घातलं. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तिला कॅबरे कार्ड दिलं नाही. ते नसेल तर दारू विकली जाते अशा ठिकाणी गाता येत नसे, आणि जॅझ तर तिथंच चाले. म्हणजे १९४८ च्या मार्चमध्ये सुटल्या-सुटल्या कार्नेगी हॉल भरवणाऱ्या बाईला त्याच शहरातल्या क्लबात गायला पुढची अकरा वर्षं बंदी. १९५९ मध्ये ती इस्पितळात खाटेवर असताना तिथंच तिला अटक केली, दारात पोलीस बसवले. १७ जुलैला गेली. वय चव्वेचाळीस. बँकेतला माणूस म्हणून एक आकडा मला विसरता येत नाही: खात्यात सत्तर सेंट होते.

हे बुवांना ऐकवलं असतं तर हॉल गप्प झाला असता. खात्रीनं. पण गप्प होणं म्हणजे ऐकणं नव्हे. बुवांचा मुद्दा तसाच राहिला असता, त्यावर मी फक्त पोलीस बसवले असते. आणि मुळात ते खोटं बोलत नव्हते. सूर घसरतो तिचा त्या तबकडीत. माझ्या कानालाही घसरलेला कळतो.

खरी लाज वेगळीच आहे. काय करायचं हे मला माहीत होतं. पस्तीस वर्षांपूर्वी मला ते कुणीतरी करून दाखवलं होतं.

१९८४ मध्ये मी मुंबईत बँकेच्या फोर्टातल्या शाखेत कारकून होतो आणि धोबीतलावाजवळ एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहत होतो. मजल्यावर एक गोंयकार अंकल. हयातभर सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवलेला माणूस, तोवर दातांनी दगा दिल्यामुळं वाजवणं सुटलेलं. भाऊ तारवटी, बोटीवरून तबकड्या आणायचा. जॅझ मला लागलं ते त्या खोलीत. रंगभवनातल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला पहिल्यांदा त्यांनीच ओढून नेलं.

एकदा त्यांनी हीच तबकडी लावली. चोवीस वर्षांचा मी, एलाच्या प्रेमात. दीड मिनिटात म्हणालो, ‘अंकल, हिचा आवाज गेलाय हो.’ बघा, बुवांचंच वाक्य. फक्त माझ्याकडं तालीम नव्हती, आगाऊपणा होता.

अंकल रागावले नाहीत. जेवणाची स्टीलची ताटली उपडी केली आणि सुई मागं नेली. ‘आयक मरे.’ बोटानं ताटलीवर ठोके द्यायला लागले. एक, दोन, तीन, चार. ‘बीट हांगा.’ बोट पडायचं आणि तिचा शब्द आलेलाच नसायचा. इतका उशिरा यायचा की आता चुकलीच असं वाटावं. मग दोन शब्द जवळ ओढून, तिसरा लांबवून, ओळीच्या शेवटाला ती अंकलच्या बोटाबरोबर हजर. परत सुई मागं. परत तीच ओळ. तीनदा. तिसऱ्यांदा मी आवाजाकडं बघणं विसरलो होतो. आवाज कधीही दीड सप्तकाच्या वर नव्हताच तिचा, आणि आता तोही संपत आला होता. लय जशीच्या तशी होती. वाद्यमेळ तिच्यासाठी थांबत नव्हता, आणि ती त्याच्यामागं धावतही नव्हती.

अंकलनी पोलिसांचं एक अक्षर सांगितलं नाही. ते मी नंतर पुस्तकांत वाचलं.

त्या हॉलमध्ये माझ्यासमोर टेबल होतं. चहाची बशीही होती. कोल्हापुरात लयीबद्दल कुणाला पटवायला दोन मिनिटं लागली नसती. बुवांनीच हातावर ठेका धरून ती कुठं येते ते पकडलं असतं, कदाचित माझ्या आधी. मी बशी उलटी केली नाही, कारण पहिल्या रांगेतला माणूस मोठा होता आणि मला शाल हवी होती. एवढंच आहे ते.

त्या दिवसापासून बिलीचं नाव मी चारचौघांत घेत नाही. भक्तीबिक्ती काही नाही त्यात. एकदा विकलेल्या वस्तूवर परत हक्क सांगायला लाज वाटते.

आणि तरी अंकलची ताटली म्हणजे पूर्ण उत्तर आहे असंही नाही. डिसेंबर १९५७ चा टीव्हीवरचा ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम बघा, त्यातलं बिलीचं ‘फाइन अँड मेलो’ हे गाणं. गोलात मोठमोठे वादक. सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग उठून उभा राहतो आणि मोजके, थकलेले सूर वाजवतो. बिलीला ‘लेडी डे’ हे नाव देणारा हाच. कॅमेरा तिच्यावर जातो. ती मान डोलावते आहे, चेहऱ्यावर हसू, ओठ किंचित हलतात, जणू पुढचा सूर कुठला ते तिला आधीच ठाऊक आहे. दोघंही १९५९ च्या जुलैपर्यंत गेलेली असणार, तो मार्चमध्ये, ती जुलैमध्ये. हे ठाऊक नसतं तर ते सेकंद मला इतके लागले असते का? चोवीस वर्षांचा मी म्हणतो, दाखला बघून रडतोस. आजचा मी म्हणतो, बरं, मग? यापुढं आमचं दोघांचं बोलणं जात नाही.

तुमच्या यादीचं राहिलं. शर्ली हॉर्न घ्या. वॉशिंग्टनची बाई, स्वतःच पियानो वाजवत गाणार आणि इतक्या विलंबित की आमीरखाँसाहेबांचा झुमरा आठवावा. आजारात पाय गेला, पेडल सुटलं, तेव्हा पियानोवर दुसऱ्याला बसवून गायली. (पुन्हा दाखला. जित्याची खोड.) बेटी कार्टर ऐकताना मला अजून धाप लागते. आणि गोव्याच्या लॉर्नाचं नाव घेतलं की लोक म्हणतात, ‘ती कोंकणी गाणी ना?’ ख्रिस पेरीच्या बँडपुढं मुंबईच्या हॉटेलांत उभी राहून ती जे गायली ते जॅझ नाही तर काय भजन होतं? आशा पुथली तर मुंबईची पोरगी. ऑर्नेट कोलमनसारख्या अवघड सॅक्सोफोनवाल्यानं १९७१ मध्ये ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी तिला गायला बोलावलं. आपल्याकडं किती जणांना हे माहीत आहे?

नव्यांत समारा जॉय. जन्म १९९९ चा, आणि आवाज साराच्या माजघरात वाढलेला. २०२३ मध्ये नवोदितांचं ग्रॅमी मिळालं. मला आवडते, काळजीही वाटते, इतक्या लवकर इतकं गोड गाता येणं बरं नव्हे. सेसिल मॅक्लोरिन साल्व्हांची काळजी वाटत नाही. ‘द विंडो’मध्ये बहुतेक वेळ नुसता पियानो आणि ती. सगळं येतं तिला, आणि तरी एखादा शब्द ती मुद्दाम वेडावाकडा, जवळजवळ कुरूप करून टाकते. बुवा तिथंही हात वर करतील.

बुवा परवा मंडईत भेटले. हातात मेथीच्या दोन जुड्या, तिसरीचा भाव चालला होता. तब्येत ठणठणीत. म्हणाले, ‘काय हो, त्या एलाबाईंना परत कधी ऐकवताय? मजा आली होती. ती मधली तेवढी नको.’

‘ऐकवू की,’ मी म्हणालो.