नमुन्यापुरते कापड

कापसाच्या व्यापारात नमुन्याला मोठा मान असतो. आलेल्या गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, सरकी वेगळी करायची, रुईची चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढत ओढत तंतू सरळ करायचे आणि उजेडाकडे धरून त्यांची लांबी पाहायची, एवढ्याशा हालचालीवर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. मूठ आणि ढीग एकाच जातीचे असावेत, हा त्यामागचा करार. तो नेहमी पाळला जातोच असे नाही. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, खान्देशच्या कापसाला एकदम मोल आले, आणि त्या काळात भेसळीचा एवढा बोभाटा झाला की मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील फसवणुकीविरुद्ध कायदाच केला. ज्या नमुन्यामागे ढीग नाही, आणि ज्याच्यावरून कसलाच भाव ठरायचा नाही, असा नमुना आमच्या धंद्यात कोणी काढल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते.

अमळनेरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, हिशेब लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई, १७० किलोंची एक गाठ, ३५६ किलोंची एक खंडी, हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. परंतु गाठ ट्रकमध्ये चढली की माझ्यापुरता कापूस संपत असे. पुढे त्याचे सूत होते आणि सुताचे कापड होते, हे गिरणीच्या गावात राहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. प्रताप शेठजींनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या गिरणीने या गावातल्या कित्येक पिढ्यांना पोसले. तरीही कापड नेमके कसे उभे राहते, हे मी डोळ्यांनी पाहिले ते निवृत्तीनंतर, माझ्या पुतणीमुळे. ती वस्त्रविद्येचे शिक्षण घेते आहे, आणि या उन्हाळ्याच्या सुटीत ती मेजावर मावेल असा एक लहान हातमाग आणि घरगुती वापराचे एक जुने निटिंग मशीन घेऊन घरी आली.

बाहेरची खोली दोन दिवसांत सुतांच्या कोनांनी भरून गेली. माझ्या आईने चष्मा सावरून पहिला तयार तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘हाई काय शे व माय? येनं काय करशी?’ पुतणी म्हणाली, ‘काही नाही आजी, नुसतं बघायचं.’ तुकडा वीतभर रुंद होता. त्याचा रुमाल झाला नसता, पिशवीही झाली नसती, आणि भांडी पुसायला तो घेतला असता तर पुतणीने घर डोक्यावर घेतले असते. त्याला एक जाड कागदी चिठ्ठी टाचलेली होती, आणि तिच्यावर सुताचा नंबर, इंचातील धाग्यांची संख्या, विणीचा आराखडा आणि धुण्याआधीची व धुतल्यानंतरची लांबी-रुंदी लिहिलेली होती. हिशेबनीस असल्यामुळे मला तुकड्याआधी चिठ्ठी आवडली, हे कबूल केले पाहिजे. सुताच्या नंबराचा अर्थही मला तिच्याकडूनच कळला. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तो त्या सुताचा नंबर, म्हणजे २० नंबरच्या एका पौंड सुतात १६,८०० वार धागा, पंधरा किलोमीटरहून अधिक. १७० किलोंच्या गाठींची बेरीज करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हा गुणाकार कधीच करून पाहिलेला नव्हता.

चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक रकाना होता, ‘प्रेरणा’ नावाचा. प्रत्येक नमुन्यामागची प्रेरणा लिहावी अशी त्यांच्या अभ्यासक्रमात अट आहे म्हणे. ही अट मला जरा नाटकी वाटते. पुतणीही तो रकाना शेवटी भरते, आणि भरताना तिचा चेहरा मार्चअखेरीस खर्चाची कारणे शोधणाऱ्या कारकुनासारखा होतो. खरे तर प्रत्येक तुकड्याच्या आधी तिच्या मनात एक साधा, रोखठोक प्रश्न असतो: हे असे केले तर काय होईल?

यांतला एक प्रश्न मी आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चौकटी-चौकटीची एक वीण असते. अंग पुसायच्या पंचांत ती आपण पाहिलेली असते. या विणीत काही ठिकाणी ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे एकमेकांत घट्ट गुंततात, तर काही ठिकाणी धागे बऱ्याच अंतरापर्यंत न गुंतता मोकळे सोडलेले असतात. मागावर असताना कापड ताणलेले असते, त्यामुळे तेथे ते सपाट दिसते. रेषांची नक्षी काढलेल्या कागदापेक्षा त्यात अधिक काही नाही, असे मला वाटले. पुतणीने तुकडा कापून रुळावरून सोडवला, तेव्हा तो किंचित आक्रसला. मग तिने तो कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, सावलीत वाळत घातला. संध्याकाळी पाहतो तर मोकळे धागे आखडून गेले होते, त्यांनी गुंतलेल्या कडा वर उचलल्या होत्या, आणि सपाट कापडाला करंगळीचे टोक बसेल एवढाल्या खळग्या पडल्या होत्या. मागावर जे दिसले ते कापड नव्हतेच, असे ती म्हणाली. ताण सुटल्यावर आणि पाणी लागल्यावर जे उरते ते कापड. म्हणूनच आराखडा कितीही नेमका काढला तरी तुकडा विणल्यावाचून तिला गत्यंतर नसते.

वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे गेला आणि ताणा तुटू लागला. सकाळी ठीक चालणारे काम दुपारी अडायचे. फणी ठोकली की कोठेतरी एखादा धागा सुटून लोंबकळताना दिसायचा, त्याला गाठ मारून, तारेच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून पुन्हा ओवून घेईपर्यंत दुसरा तुटलेला असायचा. कापसाचा तंतू ओला झाला की अधिक बळकट होतो. लोकर आणि रेयॉन यांचे नेमके उलटे आहे. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, त्याचे केस उभे राहतात आणि शेजारच्या धाग्यांत अडकून तुटतात. लँकेशायरची दमट हवा सूतकामाला मानवली ती यामुळे, आणि आपल्याकडच्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात हवेत पाण्याचे तुषार सोडीत तेही यामुळेच. हे सारे तिने पुस्तकात वाचलेले होते. पुस्तकातली कोरडी हवा मात्र खान्देशातल्या मे महिन्याची नव्हती. तिने ताण्याला गव्हाच्या पिठाची पातळ खळ ब्रशाने लावून पाहिली, फरशीवर ओली पोती पसरली, आणि शेवटी हातमाग सरळ कुलरच्या तोंडाशी नेऊन ठेवला. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो ओलसर वारा खाऊन सूत शांत झाले. माझ्या दुपारच्या झोपेची जागा अशा रीतीने ताण्याने घेतली, आणि आई म्हणाली की आता माणसांनाही खळ लावून निजवा.

निटिंग मशीनला कुलरची एवढी गरज नव्हती, त्याचे नखरे निराळे होते. साडेचार मिलिमीटरांच्या अंतराने ओळीत बसवलेल्या २०० सुया, आणि त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे सरकणारी एक गाडी, असे ते यंत्र. सारी करामत सुईच्या टोकाची आहे. टोकाशी आकडा आणि आकड्याला झाकणारी एक इवलीशी झडप असते. सुई पुढे आली की तिच्यावरचा जुना टाका मागे घसरताना झडप उघडतो. उघड्या आकड्यात नवा धागा पडतो. सुई मागे जाऊ लागली की तोच जुना टाका झडप बंद करतो आणि तिच्यावरून निसटून जातो, नवा टाका आत ओढून घेऊन. दार उघडणारा आणि लावणारा एकच, आणि त्याला त्यासाठी वेगळे कष्ट नाहीत. हाताने सुयांवर करायच्या विणकामाचे, म्हणजे निटिंगचे, यंत्र १५८९ मध्ये विल्यम ली याने इंग्लंडात केले, तर कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा. जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर, आणि त्यातही मोजे आधी व धोतरजोड्या नंतर, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. लीच्या यंत्रातल्या सुया अर्थात निराळ्या होत्या. ही झडपेची सुई एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली.

या यंत्राला लोकर आवडते, कारण लोकर ताणली जाते आणि परत येते. आमच्या कापसाला ते दान नाही. तो आकड्यात ताठ बसतो आणि टाका सुटतो. त्यावर उपाय म्हणून धागा मेणाच्या वडीवरून घासून सोडायचा आणि विणलेल्या कापडाच्या खालच्या कडेला वजने टांगायची. तरीही मशीनवरून उतरलेला साधा तुकडा सरळ राहत नाही. उभ्या कडा उलट बाजूला वळतात, वरची आणि खालची कड सुलट बाजूला. सगळे विद्यार्थी या वळण्यावर इस्त्री फिरवून चिडतात, असे पुतणी सांगते. तिने मात्र वळणाऱ्या कडा मुद्दाम ठेवून पट्ट्यांचा एक नमुना केला, आणि मग लोकर व कापूस यांचे एकाआड एक पट्टे विणून तो तुकडा गरम पाण्यात साबण घालून घुसळला. लोकर आटून घट्ट झाली, कापूस होता तेवढाच राहिला, आणि जागा कमी पडल्यामुळे कापसाचे पट्टे फुगून वर आले. दुकानात अशी गोष्ट घडली तर गिऱ्हाईक माल परत करील. येथे त्या तुकड्याला स्वतंत्र पान मिळाले.

सर्वांत लांबलेला प्रश्न केळीचा होता. आमच्या जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीचे झाड एकदा घड देते, मग त्याचा खांब तोडून बांधावर टाकतात, आणि त्या खांबातून रेशमासारखा चमकणारा, हातभर लांबीचा धागा निघतो. पुतणीने तो गाठी मारून जोडला, ओला करून हातमागावर बाण्यात घातला, आणि कडक, टोकरीच्या पात्यासारखे झळाळणारे कापड झाले. निटिंग मशीनने मात्र त्याला साफ नाकारले. हा धागा आकड्याभोवती वळतच नाही. ओढला की मोडतो, आणि त्याची गाठ झडपेत अडकून सुई वाकवते. दोन दिवस त्या खोलीत मी गेलो नाही, तेच बरे होते. तिसऱ्या दिवशी तिला आठवले की मशीनच्या गाडीला विणकामाचे ब्रश लावता येतात. त्यामुळे एक धागा टाका न होता सुयांवरून आडवा ठेवला जातो, आणि दुसऱ्या बारीक सुताचे टाके त्याला जागोजागी बांधून टाकतात. वळण्याची सक्ती नसल्याबरोबर केळीचा धागा मुकाट्याने आडवा पडून राहिला. हे कापड लांबीला ताणते, रुंदीला हलत नाही. एका बाजूने निटिंग दिसते आणि दुसऱ्या बाजूने हातमागावरचे वाटते. आईने ते उन्हाकडे धरून पाहिले आणि या खेपेस त्याचे काय करणार ते विचारले नाही. घडवंचीवर टाकायला आणखी दोन हात मिळेल का, एवढेच विचारले.

ते मिळणार नाही, कारण केळीचा धागा धुतल्यावर किती आखडतो ते अजून पाहायचे आहे, आणि गाठी उलट बाजूला लपवायच्या की सुलट बाजूला मिरवायच्या यावर पुतणीचे स्वतःशीच भांडण चालू आहे. मला तिने खांब आणायच्या कामाला लावले आहे. ‘काका, ताजेच हवेत, सुकलेल्यांतून धागा निघत नाही,’ असे तिने दोनदा बजावले, आणि सावद्याहून भाजीचा टेम्पो घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाशी मी भाड्याचे बोलून ठेवले आहे.